मुलाचा ताबा आणि दोन राज्यांची सीमा

(अक्कलकोट तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अक्कलकोट तालुका हा महाराष्ट्राच्या सीमेवरील तालुका आहे. पलीकडे कर्नाटकातील आळंद, अफझलपूर आणि इंडी हे तालुके आहेत. दुधनीहून गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्या भाविकाला आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलो, याची जाणीवही होत नाही. दोन्ही बाजूंस मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलल्या जातात. बाजारहाट एक, जत्रा-यात्रा एक, आणि रोटी-बेटी व्यवहार तर पिढ्यानपिढ्यांचा. अक्कलकोट हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. आळंद व अफझलपूर हा भाग त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, तर इंडी तालुका मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आजची सीमारेषा आखली गेली. सोयरिकी मात्र या रेषेने थांबल्या नाहीत, आणि थांबण्याचे कारणही नव्हते.

संसार सुखाचा असेपर्यंत या रेषेचा कोणास उपद्रव होत नाही. परंतु पती-पत्नी विभक्त झाले, सून माहेरी परतली, आणि मूल कोणापाशी राहावे असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे हीच रेषा एकाएकी डोंगराएवढी वाटू लागते. “मूल पलीकडच्या राज्यात गेले, आता आपला कायदा तिथे चालणार नाही,” असे आई हताश होऊन म्हणते. “एकदा मूल आपल्या राज्यात आणले की त्यांचे न्यायालय काय करणार?” असे दुसरा पक्ष निर्धास्तपणे म्हणतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि या समजांपायी अनेक मुलांच्या वाट्याला ओढाताण येते. यास्तव या विषयाची साधी, व्यवहारोपयोगी माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

कायदा एकच, न्यायालये दोन

मुलांचे पालकत्व आणि ताबा यांविषयीचे प्रमुख कायदे संसदेचे अथवा त्यापूर्वीच्या केंद्रीय विधिमंडळाचे आहेत. पालक व पाल्य अधिनियम १८९० चा, हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा आहे. आंतरधर्मीय अथवा नोंदणी विवाहासाठी १९५४ चा विशेष विवाह अधिनियम आहे. हे कायदे अक्कलकोटला जसे लागू आहेत, तसेच अफझलपूरला लागू आहेत. सीमा ओलांडली म्हणून कायदा बदलत नाही. बदलते ते फक्त न्यायालय. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो, की अर्ज कोणत्या न्यायालयात करावयाचा आणि एका न्यायालयाचा आदेश दुसऱ्या राज्यात कसा अंमलात आणावयाचा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत.

पालकत्व आणि ताबा यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. पालकत्व म्हणजे मुलाच्या शरीराविषयी व मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा अधिकार व जबाबदारी. ताबा म्हणजे मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ. १९५६ च्या अधिनियमात वडिलांना नैसर्गिक पालक मानून त्यांच्यानंतर आईचे स्थान सांगितले आहे. पण पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही तेथेच म्हटले आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वडिलांनंतर’ या शब्दांचा अर्थ केवळ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा व्यापक लावला. वडील हयात आहेत, परंतु मुलाकडे पाहतच नाहीत, अशा वेळी आईच नैसर्गिक पालक ठरते. आणि या सर्वांच्या वर १९५६ च्या अधिनियमाचे तेरावे कलम आहे. मुलाचे हित हाच सर्वोपरी विचार, असे ते सांगते.

आदेश बदलता येतो

ताब्याच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जमिनीच्या दाव्याचा निकाल अंतिम झाला, की तो वाद संपतो. मुलाच्या ताब्याचा आदेश तसा नसतो. मूल वाढते, त्याच्या गरजा बदलतात, आई-वडिलांची परिस्थिती पालटते. म्हणून असा आदेश स्वभावतःच तात्पुरता असतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्ये न्यायालयाने वेळोवेळी आदेश द्यावेत, ते रद्द, स्थगित अथवा फेरफार करावेत, अशी स्पष्ट तरतूद आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतरही तसा अर्ज करता येतो. १९७३ मध्ये रोझी जेकब यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. मूल ही आई-वडिलांच्या मालकीची वस्तू नाही आणि ताब्याचा आदेश, तो उभयतांच्या संमतीने झालेला असला तरी, बदलत्या परिस्थितीत बदलू शकतो, असे त्या निर्णयाचे सार आहे.

मात्र केवळ मन बदलले म्हणून आदेश बदलत नाही. परिस्थितीत खराखुरा फरक पडला आहे आणि तो मुलाच्या हिताशी निगडित आहे, हे दाखवावे लागते. ज्याच्याकडे मूल होते त्याचे दीर्घ आजारपण, पुनर्विवाहानंतर मुलाची होणारी आबाळ, शिक्षण बंद पडणे, मारहाण, व्यसनाधीनता, कामासाठी स्थलांतर होऊन मूल परक्याच्या भरवशावर राहणे, दुसऱ्या पालकाची भेट जाणूनबुजून टाळणे, ही अशा फरकाची उदाहरणे होत. आर्थिक सुबत्ता हा विचारात घेण्याजोगा मुद्दा असला, तरी केवळ अधिक उत्पन्न आहे म्हणून ताबा मिळतो, असे नव्हे.

अर्ज कोठे करावयाचा?

१८९० च्या अधिनियमाचे नववे कलम या प्रश्नाचे उत्तर देते. मुलाच्या शरीराच्या पालकत्वाचा अर्ज, ते अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील जिल्हा न्यायालयात करावयाचा असतो. जेथे १९८४ च्या अधिनियमानुसार कौटुंबिक न्यायालय स्थापन झालेले आहे, तेथे त्या क्षेत्रापुरता हा अधिकार त्या न्यायालयाकडे असतो. येथे पाहावयाचे ते मुलाचे वास्तव्य. बापाचे गाव अथवा आईचे माहेर एवढ्यावरून हे ठरत नाही.

उदाहरणादाखल असे समजू. अक्कलकोट तालुक्यातील एका मुलीचा विवाह अफझलपूर तालुक्यात झाला. पुढे बेबनाव होऊन ती दोन मुलांसह माहेरी आली. मुले तीन वर्षे येथील शाळेत शिकत आहेत. आजी-आजोबा, मामा यांच्या सहवासात ती रुळली आहेत. अशा स्थितीत मुलांचे सामान्य वास्तव्य अक्कलकोट तालुक्यात आहे, असे म्हणता येईल आणि अर्ज सोलापूर जिल्ह्यात होऊ शकेल. याउलट, मुले सासरीच वाढत असता गाणगापूरच्या यात्रेतून त्यांना परस्पर उचलून आणले आणि दुसऱ्याच दिवशी येथे अर्ज केला, तर एका रात्रीत वास्तव्य बदलले, असे न्यायालय सहसा मानणार नाही. वास्तव्याचा प्रश्न हा वस्तुस्थितीचा व हेतूचा प्रश्न असून तो पुराव्याने ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील एका निर्णयात स्पष्ट केले आहे.

ताब्याचा पूर्वीचा आदेश कलबुर्गी येथील न्यायालयाने घटस्फोटाच्या प्रकरणात दिलेला असेल, तर त्यात फेरफार मागण्यासाठी कलम २६ खाली त्याच न्यायालयात जाण्याचा मार्ग असतो. त्यानंतर मुलाचे वास्तव्य रीतसर बदललेले असेल, तर १८९० च्या अधिनियमाचा मार्ग कितपत खुला आहे, हे वकिलाच्या सल्ल्याने तपासावे. कोणत्याही अर्जात आधीचा आदेश लपविणे मात्र सर्वस्वी घातक ठरते. लपविलेला आदेश उघडकीस आला, की अर्जदाराच्या शब्दावरचा विश्वास जातो, आणि ताब्याच्या प्रकरणात विश्वास हेच मोठे भांडवल असते.

दोन राज्यांतील दोन न्यायालयांत एकाच वेळी अर्ज झाले तर काय? १८९० च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये पालक नेमण्याविषयी अशी वेळ आल्यास दोन्ही न्यायालयांनी कामकाज थांबवावे आणि ती एकाच उच्च न्यायालयाच्या अधीन नसल्यास आपापल्या राज्य शासनास कळवावे, असे म्हटले आहे. आज व्यवहारात अधिक उपयोगी पडते ते दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २५. १९७६ च्या दुरुस्तीनंतर या कलमान्वये एका राज्यातील न्यायालयापुढील प्रकरण दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. लहान मूल सांभाळून दुसऱ्या राज्यात तारखांना जाणे ज्या स्त्रीस अशक्य होते, तिला या तरतुदीचा आधार घेता येतो. एका न्यायालयाचा आदेश अंमलबजावणीसाठी दुसऱ्या राज्यातील सक्षम न्यायालयाकडे पाठविण्याची सोयही या संहितेत आहे. म्हणजे सोलापूरचा आदेश कलबुर्गीत कागदाचा तुकडा ठरत नाही, आणि कलबुर्गीचा आदेश सोलापुरात ठरत नाही.

उचलून नेण्याचा मार्ग

न्यायालयात वेळ लागतो, म्हणून मूल परस्पर उचलून नेण्याचा मोह अनेकांना होतो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी मोटरसायकल उभी राहते आणि मूल संध्याकाळी दुसऱ्या राज्यात असते. या मार्गाने प्रश्न सुटत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय पाल्यास त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेऊ नये, असे १८९० च्या अधिनियमाचे कलम २६ सांगते. न्यायालयाचा अधिकार निष्फळ करण्यासाठी तसे केल्यास कलम ४४ अन्वये एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पालकाच्या ताब्यातून मूल काढून नेले गेले असेल, तर ते परत मिळविण्यासाठी कलम २५ आहे.

या बाबतीत महाराष्ट्राशी निगडित असे एक प्रकरण उद्बोधक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या न्यायालयाने घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आईकडे दिला होता आणि वडिलांना आठवड्याच्या अखेरीस भेटीची मुभा होती. १९८६ च्या जानेवारीत अशाच एका भेटीच्या वेळी वडील मुलास घेऊन भारतात निघून आले आणि पुण्यास राहिले. आईने भारताच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने मूल आईच्या स्वाधीन करून तिला ते परत नेण्याची अनुमती दिली. न्यायालयाचा आदेश डावलून केलेल्या कृतीचा लाभ कोणास मिळू नये, आणि मुलाचे हितही त्याच्या परिचित जगातच आहे, असा विचार त्यामागे होता. सात समुद्रांपलीकडच्या आदेशाची जर एवढी बूज राखली गेली, तर भीमेपलीकडच्या न्यायालयाचा आदेश डावलून चालेल, असे कोणी मानू नये.

अशा वेळी लोक प्रथम पोलीस ठाण्यात जातात. मुलाच्या जीवितास धोका असल्यास ते योग्यच होय. परंतु आई अथवा वडील यांनी स्वतःचेच मूल नेले आणि न्यायालयाचा मनाई आदेश नसेल, तर अपहरणाचा गुन्हा सामान्यतः उभा राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये वडिलांच्या बाबतीत असाच निर्णय दिला. तेव्हा पोलिसांनी तक्रार घेतली नाही म्हणून न्याय संपला असे नव्हे. मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला कायदेशीर ताबा नाही अशा व्यक्तीने मूल अडवून ठेवले असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलास हजर करण्याच्या आदेशासाठीची याचिका करता येते. आई वारल्यानंतर तान्हे मूल मातुलघरी राहिले आणि मुंबईच्या पित्याने अशी याचिका केली, त्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पित्याच्या बाजूने निर्णय दिला. सोलापूर जिल्ह्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले आहे. सीमेपलीकडे कर्नाटक उच्च न्यायालयाचे कलबुर्गी खंडपीठ आहे. दोन्हीही अक्कलकोटच्या नागरिकास मुंबई-बंगळूरपेक्षा जवळची आहेत.

न्यायालय काय पाहते?

मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य व कुवत, नात्याची जवळीक या गोष्टी १८९० च्या अधिनियमाच्या सतराव्या कलमात नमूद आहेत. मूल समजूतदार वयाचे असेल, तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. मुस्लिम कुटुंबांत हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळाचा हक्क आईकडे मानला जातो. तेथेही न्यायालय अखेर मुलाच्या हिताचाच विचार करते.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन राज्यांत विभागलेल्या अशाच एका कुटुंबाचे प्रकरण आले. आई हरियाणातील पानिपत येथे नोकरीस, वडील उत्तर प्रदेशातील अलाहाबाद येथे. मुलगा लहानपणापासून वडिलांकडे वाढलेला. न्यायाधीशांनी मुलाशी स्वतः बोलून त्याचे मन जाणून घेतले आणि रुजलेले रोप उपटण्यात त्याचे हित नाही, अशा विचाराने ताबा वडिलांकडेच ठेवला. आईस भेटीचा हक्क दिला. आई सक्षम होती, तरी मुलाच्या स्थैर्याचे पारडे जड ठरले.

सीमाभागात या स्थैर्याला आणखी एक बाजू आहे, ती शिक्षणाच्या माध्यमाची. अक्कलकोट तालुक्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. चौथीपर्यंत कन्नडमधून शिकलेल्या मुलास वर्षाच्या मध्यात मराठी माध्यमात बसविले, अथवा याच्या उलट केले, तर त्याचे काय होते, हे शिक्षकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ही गोष्ट न्यायालयासमोर आलीच पाहिजे, आणि ती आणण्याचे साधन शाळेच्या दप्तरात आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत यांची कामगिरी

मुलाचे वास्तव्य कोठे होते, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा कचेरीत व शाळेतच असतो. जन्माची नोंद, अंगणवाडीतील लसीकरण व पोषण आहाराच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, शिधापत्रिका यांतून मुलाचे खरे आयुष्य उमटते. या नोंदी काटेकोर ठेवणे आणि रीतसर मागणी आल्यास त्यांच्या प्रती विनाविलंब देणे, ही न्यायदानास केलेली मोलाची मदत होय. मात्र कोणाच्या भिडेखातर मागील तारखेचा रहिवासी दाखला देणे हा मुलावरच अन्याय आहे; अशा एका दाखल्याने प्रकरण चुकीच्या न्यायालयात वर्षानुवर्षे अडकते.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबाबत मुख्याध्यापकांची नेहमी अडचण होते. दाखला द्यावा, तर मूल नेण्यास आपण हातभार लावला असे होते. न द्यावा, तर कायदा मोडतो. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ५ नुसार, राज्यांतर्गत अथवा राज्याबाहेर शाळा बदलणाऱ्या मुलास दाखला तत्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारावयाचा नाही. म्हणजे आई-बापांच्या भांडणापायी मुलाचा एक दिवसही शाळेबाहेर जाऊ नये, हा कायद्याचा कटाक्ष आहे. मुख्याध्यापकांनी दाखला अडवून न्यायाधीश होऊ नये. त्यांना करता येण्याजोगे ते एवढेच : दाखला कोणी व केव्हा मागितला याची लेखी नोंद ठेवावी, ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश शाळेकडे आलेला असल्यास त्याची प्रत फायलीत ठेवून त्यानुसारच वागावे, आणि मुलास शाळेतून घेऊन जाण्यास कोण अधिकृत आहे, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावे.

गावातील पंचांनी बसून तडजोड घडवून आणण्याची प्रथा जुनी आहे आणि तिच्यातील सदिच्छा आदरणीय आहे. परंतु स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेला “मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे” असा करार न्यायालयास बांधून ठेवीत नाही. भावंडांची ताटातूट करणाऱ्या अशा वाटणीत मुलांचे मत कोणी विचारलेलेही नसते. तडजोड झाली तर ती न्यायालयापुढे मांडून तिच्यावर आदेश घ्यावा, असा सल्ला ग्रामपंचायत सदस्यांनी द्यावा. मग तीच तडजोड दोन्ही राज्यांत बळकट होते.

खर्चाच्या भीतीने अनेक स्त्रिया न्यायालयाची पायरी चढत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. मूल संकटात असल्यास १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेले असावेत.

भेटीचा हक्क मुलाचाही

ताबा एकाकडे गेला, म्हणजे दुसऱ्याशी नाते तुटले, असे नव्हे. २०२० मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मुलास आई व वडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, असे सांगून, दूर राहणाऱ्या पालकास दूरध्वनी वा व्हिडिओ कॉलद्वारे मुलाशी बोलण्याची संधी मिळावी, यावर भर दिला. विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात सामायिक पालकत्वाचा विचार मांडला आहे. दोन राज्यांतील पालकांच्या बाबतीत भेटीचा आदेश मागताना तो मोघम असू नये. दिवाळीची सुटी कोणाकडे, उन्हाळ्याची किती दिवस, मुलास स्टेशनवर कोणी पोहोचवावे, प्रवासखर्च कोणी सोसावा, दर आठवड्यास कोणत्या वेळी बोलणे व्हावे, हे सारे आदेशात लिहिलेले असले, की पुढील अर्धी भांडणे टळतात. पोटगी थकली म्हणून भेट नाकारणे, किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबविणे, हे दोन्ही अनुचित होय. पोटगीसाठी स्वतंत्र उपाय आहे आणि भेटीसाठी स्वतंत्र. दोहोंची सरमिसळ केल्यास सोसावे लागते ते मुलालाच.

बंधु-भगिनींनो, राज्यांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीसाठी असतात. त्या मुलाच्या आयुष्यावर आखलेल्या नाहीत. आई एका राज्यात आणि वडील दुसऱ्या राज्यात असले, तरी मूल या देशाच्या एकाच कायद्याच्या छत्राखाली आहे. जुना आदेश आज मुलाच्या हिताचा उरला नसेल, तर तो बदलून घेण्याचा मार्ग खुला आहे. तो मार्ग न्यायालयाच्या दारातून जातो, शाळेच्या फाटकावरून नव्हे. हे ज्ञान गावातील एका शिक्षकाला, एका सदस्याला, एका अंगणवाडी सेविकेला जरी झाले, तरी संकटात सापडलेल्या आईला अथवा बापाला पहिल्याच दिवशी योग्य दिशा मिळेल, आणि मुलाची वर्षे वाया जाण्याचे टळेल. सीमेवरच्या तालुक्यात सार्वजनिक काम करणाऱ्यांवर ही जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे.